घाटमाथ्याचे पाणी, घाटपायथ्याची वीज

मुंबईहून पुण्याकडे निघालेला मध्य रेल्वेचा मार्ग नेरळ आणि भिवपुरी रोड ही स्थानके मागे टाकून कर्जतला पोचतो, तेव्हा कोकणची सपाटी संपत आलेली असते आणि पूर्वेला सह्याद्रीची काळी भिंत उभी राहिलेली असते. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके या भिंतीच्या पायथ्याशी वसलेले असून जिल्ह्याच्या इतर भागांप्रमाणे त्यांना समुद्रकिनारा नाही. त्यांची सारी संपत्ती डोंगर, भातखाचरे आणि डोंगरावरून येणारे पाणी हीच आहे. पायथ्याची उंची समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्या आत, तर माथ्यावरील खंडाळा-लोणावळ्याची सहाशे मीटरांच्या आसपास असल्याने पाचशे मीटरांहून अधिक उंचीचा फरक येथे अवघ्या काही किलोमीटरांच्या अंतरात सामावलेला आढळतो. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाला हा फरक म्हणजे केवळ अडचण वाटे. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत येऊन थांबला आणि १८६३ साली बोरघाटातील चढाचा मार्ग पूर्ण होईपर्यंत उतारूंना पालखी, डोली किंवा गाडीतून घाट चढून जाऊन वरची गाडी गाठावी लागे. त्याच अडचणीचे पुढे साठ वर्षांच्या आत भांडवल झाले आणि देशातील पहिल्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी दोन याच दोन तालुक्यांत उभे राहिले: खालापूर तालुक्यात खोपोली येथे आणि कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे.

कर्जतला येणारा बहुतेक पर्यटक धबधबे, कोंढाण्याची लेणी किंवा राजमाचीची वाट यांच्यासाठी येतो आणि डोंगराच्या उतारावरून सरळ खाली आलेल्या पोलादी नळांच्या रांगेकडे क्वचितच लक्ष देतो. वस्तुतः या परिसरात पाहण्याजोगे जे काही मानवनिर्मित आहे, त्यात ही नळांची रांग प्राचीन लेण्यांच्या खालोखाल मानावी इतकी महत्त्वाची आहे. वीज प्रत्यक्षात कशी निर्माण होते हे समजून घेण्यासाठी यापेक्षा सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात शोधावे लागेल, कारण एरवी यंत्राच्या पोटात दडलेली प्रक्रिया येथे डोंगराच्या अंगावर उघडी मांडलेली आहे.

कर्जतहून खोपोलीला जाणारी रेल्वेची लहानशी शाखा पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी या स्थानकांवरून जाते. हीच ती १८५६ सालची मूळची वाट. घाटातील मार्ग पळसदरीहून वर वळला आणि खोपोली एका फाट्याच्या टोकाला राहिली. गावात विरेश्वराचे मंदिर आणि त्यासमोरचा दगडी बांधणीचा विस्तीर्ण तलाव असून ही दोन्ही कामे नाना फडणवीसांनी करविलेली आहेत. बोरघाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर माणसांना आणि बैलांना पाणी मिळावे, हा अशा तलावांचा हेतू. उत्तरेला कुसूर घाटाच्या पायथ्याशी भिवपुरीतही सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी बांधविलेल्या तलावाची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. पेशवाईत ज्या दोन घाटपायथ्यांशी तलाव बांधले गेले, नेमक्या त्याच दोन ठिकाणी विसाव्या शतकात वीजगृहे आली, हा योगायोग नव्हे. घाटाची वाट जेथून सोयीने उतरते तेथे साहित्य नेता येते आणि माथ्यापासून पायथ्याचे अंतरही तेथे थोडे असते.

पश्चिम घाटावर पडणाऱ्या पावसाचे पाणी अडवून त्यापासून वीज करावी ही कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉसलिंग या वास्तुविशारद-अभियंत्याने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. लोणावळा परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, मात्र तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे वर्षभर वीज हवी तर पाणी साठवणे अपरिहार्य होते. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. दोराबजी टाटांच्या कारकिर्दीत १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, १९११ साली लोणावळ्याजवळ धरणाच्या कामाची कोनशिला बसली आणि १९१५ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. वळवण, शिरवता आणि लोणावळा हे तीन तलाव या वीजगृहाला पाणी पुरवितात. सुरुवातीची क्षमता सुमारे ४० मेगावॅट होती व ग्राहक होत्या मुंबईच्या कापड गिरण्या, ज्या तोवर कोळसा जाळून वाफेवर चालत. आज तेथे प्रत्येकी २४ मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण ७२ मेगावॅटची यंत्रणा आहे.

पाण्याचा प्रवास वरून पाहत आल्यास यंत्रणेचा अर्थ चटकन उलगडतो. तलावातील पाणी पक्क्या बांधणीच्या कालव्याने खंडाळ्याच्या बाजूला घाटाच्या कडेपर्यंत आणले जाते आणि तेथे एका लहान हौदात शिरते, ज्याला अभियंते फोअरबे म्हणतात. हौदाचे काम दुहेरी आहे: पाण्यातील गाळ, पालापाचोळा तेथे अडतो आणि खालच्या यंत्रांची मागणी अचानक वाढली किंवा घटली तरी नळाच्या तोंडाशी पाण्याची पातळी टिकून राहते. हौदापासून पोलादी नळ सुरू होतात. त्यांना पेनस्टॉक अशी संज्ञा आहे. डोंगराच्या उतारावर ते काँक्रीटच्या भक्कम ठोकळ्यांत जखडलेले दिसतात, कारण वळणावर आतील पाण्याचा रेटा नळाला बाहेर ढकलू पाहतो. वरच्या टोकाला नळाच्या पत्र्याची जाडी तुलनेने कमी असते आणि खाली येताना ती वाढवावी लागते, याचे कारण दाब. पाण्याचा स्तंभ दर दहा मीटरांना साधारणतः वातावरणाच्या एका दाबाइतका भार निर्माण करतो. पाचशे मीटर उंचीच्या स्तंभाच्या तळाशी हा दाब वातावरणाच्या सुमारे पन्नास पट होतो. सबंध वीजगृहातील सर्वांत मौल्यवान गोष्ट हा दाब आहे, आणि तो तयार करण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. तो सह्याद्रीच्या उंचीने आयता दिलेला आहे.

या उंचीला अभियंते शीर्ष म्हणतात आणि तिचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले, तर त्यातून मिळू शकणारी ऊर्जा सुमारे १.३६ युनिट भरते आणि नळातील घर्षण, टर्बाइन व जनित्र यांतील घट वजा जाता विजेच्या रूपाने एक युनिटाहून थोडी अधिक हाती लागते. तेवढीच वीज वीस मीटर उंचीच्या एखाद्या सपाटीवरील धरणातून काढायची म्हटली, तर पंचवीस पट पाणी सोडावे लागेल. खोपोलीच्या एका २४ मेगावॅटच्या संचाला पूर्ण भाराने चालताना सेकंदाला साधारण साडेपाच घनमीटर पाणी पुरते. नदीच्या मानाने हा प्रवाह किरकोळ आहे. पावसाळ्यात कोकणातील एखादा मध्यम ओढाही त्याहून अधिक पाणी वाहून नेतो. घाटमाथ्यावरील तलाव फार मोठे नसूनही हा उद्योग शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला, याचे मर्म पाण्याच्या राशीत शोधण्यापेक्षा त्याच्या पडण्यात शोधावे लागते.

नळाच्या खालच्या टोकाला पाणी एका निमुळत्या तोटीतून, नोझलमधून, बाहेर पडते आणि दाबाचे रूपांतर वेगात होते. पाचशे मीटरांच्या शीर्षाखाली झोताचा वेग सेकंदाला शंभर मीटरांच्या जवळ, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात जातो. या वेगाने साडेपाच घनमीटर पाणी दोन झोतांत विभागले, तर प्रत्येक झोताचा व्यास वीतभरही भरणार नाही. हा झोत ज्या चाकावर आदळतो त्या चाकाला पेल्टन चाक म्हणतात. लेस्टर पेल्टन या अमेरिकी कारागिराने कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या परिसरात ते विकसित केले आणि १८८० साली त्याचे पेटंट मिळविले. चाकाच्या परिघावर वाट्यांची रांग असून प्रत्येक वाटी मधोमध उभ्या धारदार कण्याने दोन भागांत विभागलेली असते. झोत कण्यावर येऊन दुभंगतो, दोन्ही बाजूंच्या वक्र पृष्ठभागांवरून सरकत जवळजवळ उलट दिशेला फिरतो आणि तसे करताना आपला वेग वाटीला देऊन टाकतो. वाटीचा वेग झोताच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास ठेवला, तर परतणाऱ्या पाण्यात वेग जवळपास उरत नाही आणि ते निमूटपणे खाली गळून पडते. आपली ऊर्जा पाण्याने पुरती सोडली याची ती खूण समजावी. कोकणातील वाड्यांमध्ये पाणी वर आणण्यासाठी बैल रहाटाचे चाक फिरवी, येथे खाली आलेले पाणी चाक फिरवते, एवढाच दोहोंतील तत्त्वतः फरक आहे, आणि कार्यक्षमतेच्या बाबतीत मात्र त्यांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण चांगले पेल्टन चाक झोतातील ऊर्जेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा अक्षाला देते.

झोत किती मोठा ठेवायचा हे तोटीच्या आतील भाल्याच्या आकाराच्या दांड्यावर अवलंबून असते. तो पुढे सरकला की मार्ग अरुंद होतो, मागे आला की रुंद. येथे एक धोका असतो, ज्याची कल्पना बाहेरून येत नाही. लांब नळातून वेगाने येणारे शेकडो टन पाणी एकाएकी अडवले, तर त्याचा धक्का नळ फोडू शकतो. या आघाताला जलाघात म्हणतात. म्हणून वीजवाहिनीत बिघाड होऊन भार क्षणात नाहीसा झाला, तर प्रथम एक पोलादी पट्टी झोताच्या आड येऊन त्याला चाकावरून बाजूला वळवते आणि मग भाला सावकाश पुढे सरकून पाणी बंद करतो. चाक वेडेवाकडे वेगात जाऊ नये आणि नळही फुटू नये, अशा दोन परस्परविरोधी गरजा या साध्या युक्तीने एकाच वेळी भागतात. यंत्रशास्त्रात देखणेपणाचे जे नमुने दाखवता येतील, त्यांत याचा समावेश व्हावा.

येथपर्यंत वीज कोठेच नाही. आहे तो फक्त एक फिरणारा अक्ष. त्याच अक्षाच्या दुसऱ्या टोकाला जनित्र जोडलेले असते आणि त्याचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधले: तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, तर वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. मोठ्या जनित्रात चुंबक फिरतो आणि वेटोळे स्थिर असते. फिरणाऱ्या भागाला रोटर म्हणतात. त्याच्या परिघावर लोखंडी ध्रुव बसवलेले असून त्यांभोवती गुंडाळलेल्या तारांतून एकदिश प्रवाह सोडून त्यांना चुंबकत्व दिले जाते, ज्याला उत्तेजन अशी संज्ञा आहे. रोटरभोवतीच्या स्थिर कवचाला स्टेटर म्हणतात. ते पातळ पोलादी पत्र्यांच्या चवडीचे असते, कारण अखंड लोखंडात बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होऊन ऊर्जा उष्णतेत वाया जाते. पत्र्यांच्या खाचांत तांब्याची वेटोळी बसवलेली असतात. एक उत्तर ध्रुव वेटोळ्यासमोरून गेला की दाब एका दिशेने चढतो, पाठोपाठ दक्षिण ध्रुव आला की उलट दिशेने. अशा रीतीने प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह मिळतो. वेटोळ्यांचे तीन संच परिघावर समान अंतराने मांडल्याने तीन फेजची वीज तयार होते, जी दूर वाहून नेण्यास आणि मोटारी चालविण्यास सर्वांत सोयीची ठरते.

भारतात विजेची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ, राखली जाते आणि रोटरचा वेग त्यावरूनच ठरतो. १२ ध्रुवांचा रोटर मिनिटाला ५०० फेरे घेतो, २० ध्रुवांचा ३०० फेरे. रायगड जिल्ह्यातच उरणजवळ वायूवर चालणारे वीजगृह आहे. अशा वायू किंवा वाफेच्या टर्बाइनचे मोठे जनित्र बहुधा दोन ध्रुवांचे असून मिनिटाला ३००० फेरे घेते. कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेने १९२९ साली आपल्या विद्युत गाड्यांसाठी उभारलेले चोळा पॉवर हाऊस वाफेचे होते. जनित्राला मात्र अक्ष कोण फिरवतो याच्याशी कर्तव्य नसते. पाणी, वाफ, जळता वायू किंवा वारा यांपैकी काहीही असो, त्याच्या आतील घटना एकच.

जनित्र फिरवायला इतका जोर का लागतो, हा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. स्टेटरमधून प्रवाह वाहत नसेल, म्हणजे कोणी वीज वापरत नसेल, तर रोटर जवळजवळ सहज फिरतो; त्याला फक्त धारवे आणि हवा यांचा विरोध असतो. मुंबईत एखादा कारखाना सुरू झाला की स्टेटरमधील प्रवाह वाढतो, त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते रोटरला मागे खेचते. रोटर किंचित मंदावतो, वारंवारिता पन्नासच्या खाली सरकू लागते, आणि गव्हर्नर नावाची नियंत्रक यंत्रणा हे ओळखून भाला मागे घेते व झोत वाढवते. परळच्या गिरणीत चाते फिरू लागले की खंडाळ्याच्या हौदातील पाणी थोडे अधिक वेगाने खाली उतरू लागे. शंभर वर्षांपूर्वी हा संबंध एका वीजगृहापुरता होता. आज साऱ्या देशाचे जाळे एकाच वारंवारितेवर बांधलेले असल्याने खोपोलीचा संच देशभरच्या शेकडो संचांच्या पावलाशी पाऊल मिळवून चालतो.

वीजगृहाच्या आवारात दिसणारी, विजेचा दाब वाढविणारी रोहित्रे ही या साखळीतील पुढची कडी. २४ मेगावॅट वीज ११ हजार व्होल्टच्या दाबाने वाहून न्यायची म्हटल्यास तारांतून सुमारे साडेबाराशे अँपियरचा प्रवाह जाईल. दाब दसपट वाढवला की प्रवाह एक दशांश होतो आणि तारा तापून वाया जाणारी ऊर्जा शंभराव्या हिश्श्यावर येते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. खोपोलीहून परळपर्यंतची वाहिनी आरंभापासूनच सुमारे एक लाख व्होल्टची होती, जे त्या काळाच्या मानाने धाडस होते. घाटाच्या पायथ्यापासून मुंबई पुरेशी जवळ नसती किंवा उच्चदाबाचे तंत्र दहा-वीस वर्षे उशिरा हाती आले असते, तर हा प्रकल्प कागदावरच राहिला असता.

खोपोली सोडून पुन्हा कर्जतकडे यावे आणि तेथून पूर्वेला डोंगराच्या कुशीत शिरावे, म्हणजे भिवपुरीचे वीजगृह लागते. नावामुळे होणारा एक घोटाळा येथे नोंदवणे इष्ट: भिवपुरी रोड हे स्थानक नेरळ आणि कर्जत यांच्या दरम्यान असून वीजगृह त्याच्यापासून बरेच दूर, घाटाच्या पायथ्याशी आहे. आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे बांधलेल्या धरणाचे पाणी डोंगरातून काढलेल्या बोगद्याने कड्यापर्यंत येते आणि पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरते. १९२२ साली सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता आज ७५ मेगावॅट आहे. तंत्र तेच, म्हणून त्याचे निराळे वर्णन करण्याची गरज नाही.

भिवपुरीत अधिक लक्षपूर्वक पाहावे ते वीजगृहानंतरचे पाणी. चाकाखाली पडलेल्या पाण्याला अवजल म्हणतात. त्याची उंची संपलेली असली तरी ते जसेच्या तसे स्वच्छ आणि वापरण्याजोगे असते. भिवपुरीचे अवजल उल्हास नदीच्या खोऱ्यात जाते आणि खोपोलीचे पाताळगंगेत. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्या एरवी हिवाळा सरताच रोडावतात, परंतु या दोन नद्यांना उन्हाळ्यातही वाहते पाणी राहते ते प्रामुख्याने यामुळे. राजनाला प्रकल्पाच्या कालव्यांनी भिवपुरीचे पाणी कर्जत तालुक्यातील शेतीला मिळते आणि त्यावर उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघते. एप्रिलमध्ये आजूबाजूचे माळ करपलेले असताना हिरवीगार भातखाचरे दिसली, तर ती पावसाची किमया नसून टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या पाण्याची आहे. उल्हासच्या खालच्या टप्प्यातील कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या शहरांचा आणि पाताळगंगेच्या काठच्या रसायनीसारख्या औद्योगिक वसाहतींचा पाणीपुरवठाही या प्रवाहांशी बांधला गेलेला आहे. मेगावॅटच्या हिशेबात ही दोन केंद्रे आज लहान गणली जातात, कारण कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. तरी खालच्या खोऱ्यांच्या दृष्टीने त्यांचे पाणी त्यांच्या विजेहून अधिक मोलाचे ठरले आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

हे पाणी मूळचे पश्चिमेचे नव्हे, ही गोष्ट विसरून चालत नाही. वळवणचे पाणी इंद्रायणीचे आहे आणि आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. निसर्गक्रमाने हे पाणी देहू-आळंदीवरून भीमेत, पंढरपुरावरून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात गेले असते. वीजगृहांनी ते अरबी समुद्राकडे वळवले. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटा जलविद्युत प्रकल्पांसाठी अशा वळणाची मर्यादा कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी अशी घातली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, जवळजवळ २.८३ कोटी घनमीटर. वरच्या हिशेबाने त्यातून तीन कोटींहून अधिक युनिट वीज मिळते. भीमा खोऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून हे पाणी परत पूर्वेला वळवावे ही मागणी वेळोवेळी होते आणि ती अवाजवी म्हणता येत नाही. पण शंभर वर्षांत पश्चिमेला जी शेती आणि शहरे या पाण्यावर उभी राहिली, त्यांचे काय करायचे याचे उत्तर मागणी करणाऱ्यांनाही द्यावे लागेल. या प्रकल्पमालिकेतील तिसऱ्या, भिरा येथील केंद्रासाठी मुळशीला धरण बांधताना १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि त्या प्रश्नाने धरणग्रस्त हा विषय देशाच्या सार्वजनिक चर्चेत कायमचा आणला.

जलविद्युत केंद्राचा एक गुण असा की थांबलेला संच काही मिनिटांत पूर्ण भाराला येतो. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून तेथवर यायला कित्येक तास लागतात. त्यामुळे ही केंद्रे संध्याकाळची वाढती मागणी भागविण्यास आणि आणीबाणीत उपयोगी पडतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा तो पूर्ववत करण्याच्या कामी टाटांच्या जलविद्युत संचांचाही उपयोग करण्यात आला. सौर ऊर्जा वाढल्यापासून हा गुण आणखी महाग झाला आहे. दुपारी वीज उरते आणि सूर्यास्तानंतर कमी पडते. यावर उपाय म्हणून दुपारच्या उरलेल्या विजेने पाणी खालच्या तलावातून वर चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडायचे, अशी उदंचन जलविद्युत योजना करतात. तिच्यात जनित्रच मोटार होते आणि टर्बाइन उलटे फिरून पंप बनते. पेल्टन चाकाला हे जमत नाही, म्हणून तेथे चारी बाजूंनी पाण्यात बुडालेले फ्रान्सिस प्रकारचे चाक वापरावे लागते. चार युनिटे खर्चावी तेव्हा साधारण तीन परत मिळतात. हा तोटा नसून साठवणुकीचे भाडे आहे. भिरा येथे असा १५० मेगावॅटचा संच आधीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात झालेल्या करारानुसार शिरवता येथे १८०० मेगावॅटचा आणि भिवपुरी येथे १००० मेगावॅटचा असे दोन उदंचन प्रकल्प योजण्यात आले आहेत. विजेच्या दृष्टीने योजना योग्य दिशेची आहे. मात्र उदंचनात तेच पाणी वरखाली फिरत राहते, त्यातून नदीला नवे काही मिळत नाही. म्हणून उल्हासमध्ये आणि राजनाल्यात आज उतरणाऱ्या अवजलाला धक्का लागणार नाही, याची हमी कर्जतच्या शेतकऱ्याने आधीच मागून घेतलेली बरी.

ही स्थळे पाहण्यास पावसाळा संपल्यानंतरचे, ऑक्टोबर ते डिसेंबरचे दिवस चांगले. तलाव भरलेले असतात आणि डोंगरावरील धुके विरलेले असल्याने नळांची रांग माथ्यापासून पायथ्यापर्यंत स्पष्ट दिसते. वीजगृहांच्या आत पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नसतो, परंतु पाण्याचा उतार आणि वीजवाहिन्यांचे मनोरे बाहेरूनच पाहता येतात. वीजगृहाच्या खालच्या अंगाला असलेल्या नदीपात्रात आणि अवजलाच्या कालव्यात मात्र आंघोळीसाठी किंवा छायाचित्रासाठी कोणीही उतरू नये, कारण संच सुरू होताच आकाशात ढग नसतानाही तेथील पाणी काही मिनिटांत वाढते.